गरमीची इंजेक्शनं

मंगळवार पेठ, पुणे
१७ एप्रिल २०२५

चि. चेतन यास रतनआजीचा सप्रेम जय भीम.

पत्र बघून घाबरू नकोस, कुणी मेलेलं नाही. तू माझा फोन उचलत नाहीस, आणि उचललास तरी मला हळू बोलता येत नाही. जन्मभर मंडईत आलं-लसूण विकलं ते ओरडूनच. मी इथे बोलले की तुझ्या आईला ओट्यापाशी ऐकू जातं, आणि तुझ्या आईला ऐकू गेलं की सगळ्या गल्लीला. म्हणून लिहिते. शिक्षण तिसरीपर्यंतचं, अक्षर कोंबडीच्या पायाचं. हसायचं तर हस, पण शेवटपर्यंत वाच, आणि वाचून फाडून टाक.

जयंतीला आला नाहीस. साइटवर काम आहे म्हणालास. बरं.

तुझी बायको पोटुशी आहे हे जामनगरात तुझ्या लक्षात असेलच. फेब्रुवारीत तिने ती पट्टी लावून बघितली, दोन रेघा आल्या, तुझ्या आईने, ललिताने, सगळ्या गल्लीला पेढे वाटले. परवा पूर्वा महापालिकेच्या दवाखान्यात नाव घालायला गेली. तिथे पहिल्या खेपेला सगळ्या बायांचं रक्त तपासतात, बोटाला टोचून. असल्याच पट्ट्या, त्यांच्यावर एकेक थेंब. एचआयव्हीच्या पट्टीवर एक रेघ आली, काविळीच्या पट्टीवर एक. तिसरीवर दोन आल्या. या दोन रेघांचे पेढे नसतात.

तिथल्या म्हाताऱ्या सिस्टर तिला म्हणाल्या, "गरमी निघालीय गं. उद्या मोठ्या डॉक्टर असतात, नवऱ्याला घेऊन ये."

पोरगी बी.कॉम. झालेली. घरी येऊन हसत सांगते, "आजी, गरमी निघालीय म्हणे. एप्रिलात कुणाला नसते? त्याला नवरा कशाला लागतो?"

ललिता म्हणाली, "मी सांगत होते, चहा कमी पी." आणि सब्जा भिजत घातला.

मी लसूण सोलत होते. ती पाकळी हातात तशीच राहिली.

तुला पण त्या शब्दाचा अर्थ ऊन एवढाच माहीत असणार. मी नीट वाचायला शिकले ती दुकानाच्या पाट्यांवरून आणि भिंतीवरच्या जाहिरातींवरून. लग्नानंतर पहिल्या वर्षी तुझ्या आजोबांबरोबर स्वारगेटला चालले होते. मुतारीच्या भिंतीवर निळ्या रंगात लिहिलेलं होतं, ते मी अक्षर अक्षर लावून मोठ्यांदा वाचलं. गरमी, परमा, हमखास इलाज. मला वाटलं शाबासकी मिळेल. तुझ्या आजोबांनी दंड धरून मला पुढे ओढलं. अर्थ नंतर मंडईतल्या बायांनी सांगितला. बाहेर जाऊन आणलेला रोग.

दुसऱ्या दिवशी मीच पूर्वाबरोबर गेले. डॉक्टर शर्मिला म्हणून आहेत, वयाने तुझ्याएवढ्या. त्यांनी आधी त्या सिस्टरना दटावलं, असले जुने शब्द पेशंटला सांगू नका म्हणून. मग आजाराचं इंग्रजी नाव सांगितलं, सिफिलिस. पूर्वाला ते नाव माहीत होतं. तिचं तोंड पांढरं पडलं.

"नवरा कुठे असतो?"

"जामनगरला, साइटवर."

"शेवटचे घरी कधी आले होते?"

"एक जानेवारीला. भीमा कोरेगावला सगळे मिळून गेलो होतो." हे सांगताना ती माझ्याकडे बघत होती, जसं काही मी मधे बोलून हे सगळं खोटं ठरवणार आहे.

मी विचारलं, "मॅडम, हे आधी कुणाला झालं?"

त्या म्हणाल्या, "आजी, रक्त ते सांगत नाही. आहे की नाही, एवढंच सांगतं. भांडण मागाहून करा. आधी बाळाचं बघू."

पट्टी कधीकधी चुकते म्हणून दंडातून नळीभर रक्त घेतलंय. त्यात खरं निघालं तर आठवड्याला एक अशी तीन इंजेक्शनं. ती घेतली तर बाळ वाचण्याची पुष्कळ आशा आहे. नाही घेतली तर पोटातच जाऊ शकतं. आणि नवऱ्याने पण तपासून औषध घ्यायचं, नाहीतर हिने बरं व्हायचं आणि त्याने येऊन परत द्यायचं.

घरात मी काही बोलले नाही. गरमीच म्हणते. ललिता सब्जा पाजते, गुलकंद चारते, पूर्वा खाली मान घालून खाते.

तू तिथे रक्त तपास. सरकारी दवाखान्यात कुणी नाव पुकारत नाही. मी तुला काही विचारलेलं नाही आणि तूही मला काही सांगू नकोस. नुसतं रक्त दे.

मी घाबरलेले नाही. तुझं तुला कळावं म्हणून लिहिलं.

आजी


२ मे २०२५

चेतन,

पत्र तुला मिळालं हे मला कळलं, कारण तू पूर्वाला मोबाइलवर लिहिलंस. "माझी तब्येत ठणठणीत आहे. तुझं तू बघ. कुणाकडून आलं तेही बघ."

तिने मला ते वाचून दाखवलं नाही. मोबाइल माझ्या मांडीवर ठेवला आणि भांडी घासायला गेली. मी अक्षर लावत बसले. मला वेळ लागतो, म्हणून ते वाक्य मला फार वेळ वाचावं लागलं.

ठणठणीत. डॉक्टर शर्मिला म्हणतात हा आजार तसाच असतो. एखादा फोड येतो, दुखत नाही, आपोआप जातो. माणूस म्हणतो सुटलो. रोग आत जाऊन बसतो. तेव्हा तब्येतीचं मला सांगू नकोस, रक्ताचं सांग.

नळीतल्या रक्तात खरं निघालं. आमच्याकडे चिठ्ठीवर आकडा देतात, एकाला बत्तीस. रक्त पातळ करत जातात आणि कुठपर्यंत रोग दिसतो ते बघतात. बत्तीस पट पातळ केलं तरी दिसतोय. आता हा आकडा उतरायला हवा. मी पूर्वी आल्याचा भाव उतरू नये म्हणून जीव टाकायचे, आता हे.

दोन इंजेक्शनं झाली. औषध दह्यासारखं दाट असतं, कमरेत घालतात, पोरगी लंगडत बाहेर येते. ललिताने विचारलं तर मी सांगितलं, गरमीची इंजेक्शनं आहेत. खोटं एक अक्षर बोलले नाही. तुझी आई शेजारणीला सांगत होती, "अहो, हल्ली उन्हावर पण इंजेक्शन निघालंय." शेजारीण म्हणाली, "आमच्या ह्यांना पण विचारा ना, फार घाम येतो." मी उठून मोरीत गेले. हसायला गेले होते, पण तिथे जाऊन हसू आलं नाही.

दुसऱ्या इंजेक्शनाच्या खेपेला आकडा पुन्हा बघायचा होता, तर पूर्वा रक्त द्यायला बसेना. ते अवधूत म्हणून रक्त घेणारे आहेत, ते दंडाला पट्टा बांधायला गेले की ही हात ओढून घ्यायची. तुझ्या निरोपानंतरची गोष्ट आहे. मागे बायांची रांग, सगळ्या बघताहेत. मी म्हटलं, "आधी माझं काढा. हिला बघू दे म्हातारी मरते का."

"आजी, तुमची साखर बघायची का?"

"हिचं जे बघताय तेच माझं बघा."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि नळीवर माझं नाव लिहिलं. मग पूर्वाने दिलं. माझी चिठ्ठी पुढच्या खेपेला मिळेल. मला काय, मी वाळलेली सुंठ.

एक सांगते. पाचवा लागला तरी पोटात हलल्याचं कळत नाही म्हणते ती. मॅडम म्हणतात पहिल्या खेपेला उशिरा कळतं. मी संध्याकाळी तिच्या पोटावर हात ठेवून बसते, तिला बरं वाटावं म्हणून. खरं म्हणजे मी ऐकत असते. गप्प पोट कसं असतं ते माझ्या हाताला माहीत आहे. कसं, ते विचारू नकोस.

रक्त दे.

आजी


७ मे २०२५

चेतन,

शेवटी आईला फोन केलास. मला वाटलं होतं तुझ्यात तेवढी लाज असेल.

काय सांगितलंस ते ललिता मला सांगत नाही, पण फोन ठेवल्यावर तिने काय केलं ते सांगते. पूर्वाचे कपडे बाजूला काढले, वेगळ्या बादलीत टाकले आणि वरून डेटॉलची बाटली उपडी केली. मग माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"अहो आई, तुम्हाला माहीत होतं?"

"काय?"

"ही गरमी म्हणजे ती गरमी."

"गरमी म्हणजे गरमी. सब्जा तूच भिजवत होतीस."

"माझा मुलगा तिकडे उन्हात मरतोय आणि ही इकडे थेरं करते. आणि तुम्ही तिला झाकता."

पूर्वा दारात उभी होती. ती एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, ललिताला भांडता तरी आलं असतं. वैजनाथ, तुझा बाप, टीव्हीचा आवाज मोठा करून बसला. त्याला संकटात तेवढंच सुचतं.

काल ललिताने लोणी काळभोरला, पूर्वाच्या माहेरी, फोन केला. पोरीला आराम हवाय, घेऊन जा, एवढंच सांगितलं. तिचे वडील मोटरसायकलवर आले. भले माणूस आहेत, येताना आमच्यासाठी वांगी घेऊन आले. त्यांना काही माहीत नाही. बॅग ललिताने भरली. भरली म्हणजे कपाट रिकामं केलं. आरामाला जाणाऱ्या पोरीबरोबर कुणी लग्नातला शालू देतं का? वडिलांच्या ते लक्षात आलं नाही, पूर्वाच्या आलं.

मी मंडईत होते. आता बसत नाही मी तिथे, नुसती जुन्या बायांकडे गेले होते. परत आले तर घर पुसलेलं.

उद्या तिसरं इंजेक्शन आहे. मॅडमनी बजावून सांगितलंय, पोटुशी बाईची खेप चुकली तर आधीची दोन फुकट, पुन्हा पहिल्यापासून सुरू. तोपर्यंत पोटातल्याने काय करायचं? पूर्वा तिथल्या दवाखान्यात जाणार नाही. आईवडिलांना काय सांगून जाईल? आणि तिचा फोन लागत नाही. ललिता म्हणते बंद करून ठेवला असेल, तोंड कुठे आहे दाखवायला.

चेतन, पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं की मी घाबरलेले नाही. तू पण खरं मानलंस वाटतं. मला भाकरी गिळवत नाही. तुझी पूर्वा विहिरीच्या गावाला गेली आहे एवढंच माझ्या डोक्यात फिरतंय. लिहायला नको होतं, पण लिहिलं.

उद्या सकाळच्या बसने मी लोणीला जाते. ललिता म्हणाली, "तिला परत आणलीत तर या घरात मी नाही." मी म्हटलं, "सब्जा घेऊन जा मग."


१० मे २०२५

चेतन,

हे पत्र लांबेल. उभ्याने वाचू नकोस.

लोणीला गेले. पूर्वाच्या आईने ताक दिलं आणि म्हणाली, "पोरीला लईच उष्णता झालीया म्हने, आत्या." तो शब्द तिथेही माझ्या आधी पोचला होता, बरं झालं. पूर्वा मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेली. मी दार लावून घेतलं.

"ऊठ. इंजेक्शन आहे."

"आजी, मी कुणाकडे गेले नव्हते."

"मला माहीत आहे."

"तुम्हाला कसं माहीत?"

"मला चेतन माहीत आहे."

तेव्हा ती रडली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. मी रडू दिलं, मग पदर नीट करायला लावला. आईला सांगितलं, डॉक्टरने बोलावलंय, बाळाची वाढ बघायची आहे. बसमध्ये तिने माझा हात असा धरला होता की बांगडीचा वळ उठला.

तिसरं इंजेक्शन झालं. ती बाहेर बाकावर बसली. डॉक्टर शर्मिलांनी मला आत थांबवलं.

"आजी, तुमचीही चिठ्ठी आलीय."

मी म्हटलं, "माझी साखर?"

त्या म्हणाल्या, "तुमच्याही रक्तात तेच आहे. खूप जुनं आहे, दाबून बसलेलं. आकडा लहान आहे, पण आहे."

मला आधी राग आला. म्हटलं, नळ्या बदलल्या असतील. त्यांनी पुन्हा बोटाला टोचलं आणि पट्टी माझ्यासमोर टेबलावर ठेवली. आम्ही दोघी बघत बसलो. पहिली रेघ आली. मग दुसरी, फिकी, पण आली. मी बाईमाणूस सत्तरी ओलांडलेली, नवरा जाऊन किती वर्षं झाली, आणि माझ्या दोन रेघा.

"किती बाळंतपणं झाली?"

"तीन."

"मुलं किती?"

"एक."

त्यांनी पेन खाली ठेवलं.

तुझा बाप तिसरा आहे, चेतन. हे तुला कुणी सांगितलेलं नाही, कारण या घरात त्याबद्दल बोलत नाहीत. पहिला मुलगा सातव्यात गेला. दुसरी मुलगी दिवस भरून झाली, सगळं जागच्या जागी, नखंसुद्धा. रडली नाही. माझी सासू म्हणाली, हिची कूसच खाते. वर्षभर मला कुणी ओटी भरायला बोलावलं नाही. नवी नवरी आली की मला उठून आत जायला सांगायचे, आणि मी जायची. मला खरंच वाटायचं की माझ्यात काहीतरी आहे. आता मॅडमनी सांगितलं की होतं. माझ्यात होतं, पण माझं नव्हतं.

तुझे आजोबा हातगाडीवर बुधवार पेठेत रेडिओची खोकी पोचवायचे. बुधवारात रेडिओचीही दुकानं आहेत, पुस्तकांचीही आहेत, गणपतीही आहे. मी म्हणायचे खोकी पोचवायला उशीर होतो. बायांनी चेष्टा केली तर मी त्यांच्याशी भांडायचे.

मुलगी गेली त्यानंतर एकदा त्यांनी कुणाकडून तरी पुड्या आणल्या होत्या. पोटासाठी आहेत म्हणाले. महिनाभर तोंड वाकडं करून खात होते. मी दुधातून द्यायची. परवा दवाखान्याच्या खुर्चीत मला त्या पुड्या आठवल्या, आणि ती स्वारगेटची निळी भिंत आठवली, आणि माझा दंड. त्यांना तो शब्द वाचता येत नव्हता, चेतन. त्यांना शाळाच नव्हती. माझ्या तोंडून ऐकल्याबरोबर त्यांनी मला ओढलं. म्हणजे अर्थ ठाऊक होता. पुड्या एकट्याने खाल्ल्या. माझं पोट कुणी विचारलं नाही.

तू त्यांचा लाडका. गाडीवर बसवून तुला सारसबागेत न्यायचे. मला कधी हात लावला नाही, दारू नाही, शिवी नाही. वाईट माणूस नव्हते. हेच तर मला झोपू देत नाही. वाईट माणूस असता तर मी कधीच शोधून काढलं असतं.

घरी आलो तर ललिता ताटं वाढून बसली होती. पूर्वाला बघून उठली. मी म्हटलं, "बस. भाकरी कुणी थापली होती सकाळी?"

"तुम्ही."

"खाल्लीस?"

"मग?"

"मला पण आहे. बादली एक आणलीयस, दुसरी पण आण."

तिला वाटलं मी चिडवतेय. मी चिठ्ठी काढून तिच्या ताटाजवळ ठेवली. ती वाचायला लागली. तिने दोनदा वाचली. तुझ्या बापाने टीव्ही बंद केला, तो आवाज पहिल्यांदा ऐकला मी.

ललिता म्हणाली, "मामंजी?"

मी म्हटलं, "मी तर कुठे गेले नव्हते."

अठ्ठावीस वर्षं ती माझ्या हातचं खातेय, आणि तिला मी आवडत नाही हे मला माहीत आहे, तिलाही माहीत आहे. ती मोरीत गेली, आणि बादलीतला डेटॉल ओतून दिल्याचा आवाज आला. परत येऊन पौर्णिमेच्या खिरीचे तांदूळ निवडायला ताट पूर्वापुढे सरकवलं.

वैजनाथलाही मी दवाखान्यात नेलं, हात धरून, शाळेत नेला होता तसा. त्याच्यात काही नाही. त्या पुड्यांनी नाही, नशिबाने.

माझंही पहिलं इंजेक्शन झालं. आता दोघी लंगडतो.

मी तुला तू काय केलंस ते विचारत नाही. जामनगरात असशील, रात्र असेल, एकटा असशील, मला त्याची कथा नको. एवढंच सांगते. तुझे आजोबा भले माणूस होते आणि त्यांनी गप्प राहून दोन पुरली. तू मोबाइलवर लिहिलंस, "कुणाकडून आलं तेही बघ." बघितलं.

रक्त दे.


२० जुलै २०२५

चेतन,

उत्तर नाही. ठीक आहे.

पूर्वाचं पोट हलतंय. पहिल्यांदा हललं तेव्हा ललिताच्या हाताखाली हललं, माझ्या नाही. ती ओरडून नाचलीच. मला थोडा राग आला, थोडाच.

आकडा उतरलाय. बत्तीसचे आठ झाले. मॅडम म्हणतात अजून उतरायला पाहिजे, आणि बाळंत होईपर्यंत दर खेपेला बघणार. प्रत्येक खेपेच्या आधी घरात कुणी जेवत नाही नीट. ललितासुद्धा. ती दवाखान्यात आता आमच्याबरोबर येते, आणि रांगेत कुणी पुढे घुसलं तर भांडते. तेवढ्यासाठी बरी आहे.

मला काळजी तुझी आहे, आणि ती प्रेमाची नाही. बाळंतपणाला येईन असं तू आईला कळवलंस म्हणे. मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, नवऱ्याने औषध घेतलेलं नसेल तर त्याला तिच्यापासून लांब ठेवा, परत लागू शकतं. म्हणून स्पष्ट लिहिते. चिठ्ठी हातात नसेल तर या उंबऱ्याच्या आत यायचं नाही. दारात मी बसलेली असेन. माझ्या अंगावरून जावं लागेल, आणि मी जड आहे.


६ ऑक्टोबर २०२५

चि. चेतन यास आजीचा जय भीम.

तुझं पत्र आलं. तुझ्या हातचं पत्र मी जन्मात पहिल्यांदा बघितलं. अक्षर माझ्यापेक्षा वाईट आहे. पाच शब्द लिहिलेत, "आजी, गरमी निघाली. इंजेक्शनं घेतली." सोबत चिठ्ठी जोडलीस. मी ती मॅडमना दाखवली. नाव तुझंच आहे का ते त्यांनी दोनदा बघितलं, मीच सांगितलं होतं बघायला.

पत्र पूर्वाला दिलं. तिने वाचून उशीखाली ठेवलं. फाडलं नाही, एवढं सांगते. त्याच्यापुढचं तुझं तू विचार, आणि ती काय म्हणेल ते ऐकून घे. मधे बोलू नकोस.

मुलगी झाली हे आईने कळवलंच असेल. कशी झाली ते तिने सांगितलं नसेल. बाहेर आली आणि गप्प होती. दार थोडं उघडं होतं, मी बाहेर भिंतीला टेकून उभी. आत कुणी बोलेना. मला त्या शांततेतलं सगळं ओळखीचं वाटलं. मी खाली बसायला लागले. ललिताने मला काखेत हात घालून धरलं आणि आत बघून ओरडली, "अहो, तिला थोपटा ना कुणी." तेवढ्यात रडली. नुसती नाही, मंडईत आवाज जावा अशी. ललिता म्हणाली, "आई, हा तुमचा घसा."

तिचंही रक्त घेतलं. एवढीशी टाच, त्यात सुई. आईच्या रक्ताशेजारी लावून बघतात. पूर्वाचा आकडा आता चार आहे, पोरीचा त्याहून जास्त नाही. मॅडम म्हणतात, आईचंच तिच्यात उतरलेलं असेल, उतरत जाईल, पण खात्री आत्ता नाही. महिने जातील, परत परत बघावं लागेल. अंगावर पुरळ नाही, दूध पिते, वजन बरं आहे. मी रोज तिचे तळहात-तळपाय उजेडात धरून बघते. पूर्वा म्हणते, "आजी, किती बघाल?" मी म्हणते, बघू दे. आधीच्या दोघांचे मला एवढे बघता आले नव्हते.

नाव पूर्वाने ठरवलंय, प्रियदर्शनी. तुला विचारलेलं नाही.

पुढच्या मंगळवारी तू पोचतोस असं लिहिलंस. बॅग दारात ठेव आणि आधी दवाखान्यात चल. पोरीचं वजन करायचं आहे, माझं रक्त परत बघायचं आहे आणि तुझंही इथे एकदा बघतील. चिठ्ठी आणली असलीस तरी. रांग लांब असते. मी पुढे उभी राहीन, तू माझ्या मागे. माझ्या वेळी अशा रांगेत माझ्या मागे उभं राहायला कुणी आलं नव्हतं.

गल्लीतल्या बाया असतात तिथे. विचारतील, "रतनबाई, या वयात तुम्हाला काय झालं? आणि नातवाला काय?"

मी खरं तेच सांगणार आहे, मोठ्यांदा. गरमी. ऑक्टोबर आहे, त्या म्हणतील हो ना बाई, यंदा फारच.

आजी